अकरावा चिंचोका

एकदा एक वृद्ध पुढारी स्वदेशातून हद्दपार झाला. बावीस वर्षे सत्तेला चिकटून बसलेल्या प्रमुखाला त्याने भर सभेत ‘आता निवडणूक घ्या’ असे सुनावले, एवढाच त्याचा अपराध. शेजारच्या देशात भाड्याच्या दोन खोल्यांत तो आपल्या दहा सोबत्यांसह राहू लागला.

हे अकरा जण दरवर्षी आपला म्होरक्या निवडत. पडद्याआड दोन मडकी ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. वृद्धाच्या शिष्याला या सोहळ्याचा मनस्वी वैताग येई. देशोदेशी पत्रे खरडून वर्षभर त्याची बोटे झिजत, आणि इथे अकरा टाळक्यांची निवडणूक!

यंदा वृद्धाविरुद्ध एक माजी शाळामास्तर उभे राहिले. चहात आले घालावे की नाही, यावरही तासभर वाद घालणारे गृहस्थ. पुढच्याच आठवड्यात आश्रय देणाऱ्या त्या देशाचे प्रधान म्होरक्याला भेटीस बोलावणार होते. तिथे वृद्धाच्या शब्दाला वजन होते. मास्तरांना कोण विचारणार?

मोजणी शिष्याकडे होती. वृद्धाचे पाच, मास्तरांचे सहा. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मास्तरांचा एक चिंचोका मुठीत दडवला आणि पाच-पाच असे जाहीर केले. बरोबरी झाली की जुनाच म्होरक्या कायम, असा तिथला रिवाज होता.

वृद्धाने सर्वांवर नजर फिरवली. “आपण अकरा जण आहोत,” तो शिष्याला म्हणाला. “मूठ उघड.”

चिंचोका दिसताच तो उठला, संघटनेचा शिक्का त्याने मास्तरांच्या हाती दिला आणि इतरांत जाऊन बसला.

सभा संपल्यावर शिष्याने त्याला अंगणात गाठून धारेवर धरले. “तिकडं तो बावीस वर्षं हलत नाही, आणि तुम्ही एका चिंचोक्यापायी उठलात? प्रधानांपुढं मास्तर काय दिवे लावणार? आपल्या देशाचं काय?”

“मास्तर कदाचित माती खातील. मलाही घोर लागलाय,” वृद्ध म्हणाला. “पण ऐक. बावीस वर्षांपूर्वी सभागृहात तोही असाच एका मतानं हरत होता. माणूस बरा होता. देशाचं भलं तोच करील, अशी माझी खात्री होती. मतं मोजायला मी बसलो होतो. माझी मूठ कुणी उघडायला लावली नाही.”

शिष्य आत गेला. प्रधानांना धाडायच्या पत्रातले वृद्धाचे नाव त्याने खोडले आणि मास्तरांचे लिहिले. हात राजी नव्हता, तरी लिहिले.