ठिगळाचं शूटिंग

“…आणि झूम, बाबा? झूम किती पट असला म्हणजे पुरे?”

केरूबा लोहकरे अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसला होता. हातातली शेंग त्यानं डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली.

“किती लांबचं बघायचंय?”

“जितकं लांबून दिसेल तितकं बरं.”

“बरं कोणाला?”

अनुप टिपणीसनं कॅटलॉगचं पान उलटलं.

गडी ठाण्याहून दोन एसट्या बदलून आला होता. पाठीवरच्या पिशवीत दुकानदाराकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला हँडीकॅम, तीन कॅटलॉग, आणि पाठपोट लिहिलेली एक यादी. गिर्यारोहणाच्या क्लबाला नवा कॅमेरा घ्यायचा होता, आणि तो निवडायचं काम क्लबानं अनुपवर सोपवलं होतं. क्लबात त्याला ‘डायरेक्टर’ म्हणत. तोही अशा हाकेला ओ द्यायचा. नुसत्या ‘अनुप’ला मात्र दोनदा हाक मारावी लागे.

रविवारी क्लबची रेवा काळसेकर ‘सासू’ चढणार होती. सासू म्हणजे केरूबाच्या घरामागचा तीनशे फुटी सुळका. लांबून गरीब दिसतो, जवळ गेलं की उभं राहू देत नाही, आणि मरमर करून माथ्यावर पोचलं तरी वारा घालूनपाडून बोलतोच. म्हणून सासू. आणि आपल्या डायरेक्टरनं पंधरा माणसांसमोर छातीवर हात मारून सांगितलं होतं, “मी वरून लटकून शूटिंग करीन. थेट रेवाच्या तोंडासमोर कॅमेरा!”

टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं?

आता गोम अशी, की या डायरेक्टरला उंचीची भीती वाटे. थोडीथोडकी नाही. घरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे, तर हा पाठ भिंतीला चिकटवून हात लांब करी. निम्मे कपडे खालच्यांच्या कुंडीत. तीन वर्षं क्लबात काढली ती पायथ्याशी उभं राहून, कॅमेऱ्यामागं तोंड लपवून. कुणाला पत्ता नव्हता. आणि रविवार तर परवावर आला होता. वर गेला तर पाय गळणार, आणि खाली रेवा दोरावर असताना याला सोडवायला माणसं धावणार. नाही गेला तर पंधरा माणसांना पुढली पंधरा वर्षं पुरेल एवढी करमणूक.

म्हणून हा केरूबाकडं आला होता. केरूबानं एकदा म्हणावं, ‘खालूनच काढ, झूम मोठा घे,’ की झालं. केरूबाचा शब्द क्लबात कुणी मोडत नसे. सोळाव्या वर्षी मधाच्या पोळ्यासाठी अनवाणी सासू चढलेला माणूस! लोक म्हणत, देवानं याला घडवलं तेव्हा भीतीचा डबा रिकामा होता.

“अगं बाई! पिशवीत उंदीर मेलाय!”

ही केरूबाची बायको, हौसाक्का. पिशवीतून करड्या केसांचं काहीतरी तिनं दोन बोटांत धरून वर काढलं होतं.

“आक्का, ती माइकची टोपी आहे,” अनुप म्हणाला. “ती चढवली की वाऱ्याची नुसती बडबड येत नाही. कामाचं तेवढं ऐकू येतं.”

“ह्यांच्या तोंडाला बसंल का?”

केरूबानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. “वाच तुही यादी.”

“पहिला ट्रायपॉड. तीन पायांची घोडी असते, बाबा.”

“ती कुठं उभी करणार?”

“समोरच्या टेकाडावर.”

“आन् तू?”

“घोडीजवळ.”

“फुडं.”

“लांब दांडी. टोकाला कॅमेरा बसतो.”

“दुसऱ्या टोकाला?”

“मी. …खाली.”

“फुडं.”

“रिमोट. हा असला की कॅमेऱ्याजवळ थांबायचीसुद्धा गरज नाही.”

“मंग ठाण्यातच थांब की. रेवाला सांग, चढलीस की फोन कर.”

हौसाक्का पदराआड हसली. अनुप यादीकडं बघत राहिला. अजून सव्वा पान बाकी होतं…

केरूबा उठला. “चल. मी चढतो, तू काढ. तुहं यंत्र काय म्हणतंय बघू.”

गोठ्यामागं तीसेक फुटांचा उभा कातळ होता. माथ्यावर हिरड्याचं झाड, त्याच्या बुंध्याशी कातळात ठोकलेली लोखंडी कडी, कडीतून खाली सोडलेला दोर. दोराचं एक टोक केरूबानं कमरेच्या पट्ट्याला बांधलं. दुसरं हौसाक्कानं आपल्या कमरेभोवती घेतलं आणि दगडाला दोन्ही टाचा रोवून बसली. म्हातारा निसटला तर त्याचं वजन तिनं पेलायचं, असा त्या दोघांचा जुना करार.

“सोडू नको गं.”

“पन्नास वर्षांत सोडला का? संधी लई आल्या.”

केरूबा पालीसारखा कातळाला चिकटला आणि निघाला. खालून अनुपला चेव चढला. जमिनीवर पाय असले की त्याच्यासारखा शूर नाही. “वा, बाबा!… थांबा, तिथंच थांबा!… डावीकडं बघा!… सुंदर!”

म्हातारा वर टेकला, हौसाक्कानं दोर हळूहळू सोडून त्याला खाली उतरवलं, आणि तिघंही इवल्याशा पडद्यावर वाकली.

“हे काय हाय?” केरूबानं विचारलं.

“तुम्ही.”

“कुठं?”

अनुपनं बोट ठेवलं. पडदाभर खाकी अर्धी चड्डी होती. चड्डीच्या मधोमध लाल फुलाफुलांचं गोल ठिगळ. ठिगळ वर गेलं. ठिगळ डावीकडं सरकलं. ठिगळानं जरा दम खाल्ला. शेवटी ठिगळ माथ्यावर पोचलं, आणि मागून ‘सुंदर!’ असा डायरेक्टरचा आवाज आला.

“टाके झ्याक आल्यात,” हौसाक्का म्हणाली. “माह्याच हातचं हाय.”

“माहं तोंड कुठंय?”

“खालून तोंड कसं दिसेल, बाबा?”

“झूम कर.”

“झूम केला तर…”

“तर?”

“…ठिगळ मोठं दिसेल.”

एक शेळी तेवढी बोलली, पण तिचं कोण मनावर घेतो.

“तीन वर्षांत किती काढलंस?”

“चाळीस कॅसेटी.”

“त्यात तोंडं किती?”

अनुपनं मनातल्या मनात चाळीसही कॅसेटी फिरवून पाहिल्या. क्लबातल्या एकूण एक माणसाला तो विजारीवरून ओळखू शकला असता. तोंड मात्र… एका कॅसेटीत एक होतं. चहावाल्याचं.

“वर जा,” केरूबा म्हणाला. “मागच्या अंगानं वाट हाय. शेळ्या जात्यात.”

“बाबा, एक वाइड लेन्स मिळते, ती लावली तर खालूनसुद्धा…”

“शेळ्यांकडं हाय का ती?”

वाट खरोखरच शेळ्यांची होती. तरी अनुप ती चार पायांवर चढला, आणि एका शेळीनं त्याला वाट करून दिली. केरूबा मागोमाग आला. हिरड्याच्या बुंध्याला त्यानं दुसरा दोर बांधला, तो अनुपच्या कमरेला आवळला, गाठ तीनदा ओढून पाहिली.

“निज पालथा.”

अनुप पालथा झाला.

“सरक फुडं.”

सरकला. दोन बोटं.

“आजच्या आज.”

हनुवटी कडेला लागली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं कॅमेरा दोन्ही हातांत धरून कडेबाहेर काढला. पोटाखालचा कातळ तापलेला होता, तरी त्याला हुडहुडी भरली. पाठीमागं केरूबाची पावलं उतरत गेली. मग खालून आरोळी आली, “निघालो रं!”

अनुपनं एकच डोळा उघडला, तोही फक्त पडद्यापुरता. पडदा तळहाताएवढा. तळहाताएवढ्या खोलीत माणूस पडून पडून किती पडणार?

आधी टक्कल आलं. उन्हात चकाकणारं, हळूहळू मोठं होणारं. मग टक्कल मागं कललं आणि त्याखालून तोंड निघालं.

अनुप बघतच राहिला.

फळ्यापाशी उभं केलेल्या, आणि गणित न येणाऱ्या पोराचे असावेत तसे डोळे. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. ओठ हलत होते. कानात घातलेल्या इअरफोनच्या बोंडातून आवाज येत होता. माइकवर चढवलेल्या उंदराच्या टोपीनं वारा बाहेर ठेवला होता आणि आत येत होतं ते एवढंच:

“हौसे, धर गं… हौसे, धर… धर गं माहे आई…”

कातळ जिथं गुळगुळीत होता तिथं म्हातारा थांबला. डावा हात भिंतीवर चाचपडत फिरला. खालचा ओठ दाताखाली गेला. हनुवटी लटलट उडायला लागली. मग हाताला खोबण लागली, आणि त्यानं सोडलेला श्वास अनुपच्या कानात फुटला.

दुकानदारानं फसवलं, असंच पहिल्यांदा अनुपच्या मनात आलं. हा कॅमेरा खोटं दाखवतो! त्यानं तो बाजूला केला, मान कडेबाहेर काढली आणि दोन्ही डोळे उघडून सरळ खाली पाहिलं.

तेच तोंड होतं.

आणि त्याच्याखाली तीस फूट हवा होती, आणि हवेच्या तळाशी लुगड्यातली हौसाक्का बोटभर दिसत होती. तरी मान त्यानं आत घेतली नाही. कॅमेरा पुन्हा समोर धरला आणि उरलेला म्हातारा काढून घेतला.

केरूबा वर आला, शेजारी बसला. भाता चालावा तशी छाती चालत होती.

“बाबा… तुम्ही घाबरला होतात.”

“मंग?”

“पण सगळे म्हणतात, केरूबाला भीती ठाऊकच नाही.”

“सगळे कुठून बघत्यात?”

अनुपनं खाली, मघाशी ठिगळ काढलं त्या जागेकडं पाहिलं.

मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. पालथा पडल्या पडल्या तो कातळावर बुक्क्या मारत हसला. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. खालून हौसाक्का ओरडली, “आवो, काय झालं? पडला का त्यो?”

“नाही, आक्का!”

“मग हसतोय कशापायी?”

अनुप उठून बसला. डोळे पुसले.

“बाबा, मलाही वाटते. भीती. पहिल्या दिवसापासून वाटते.”

“लई?”

“लई.”

“बरं,” केरूबा म्हणाला. आमटीत मीठ कमी आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणावं, तसं.

बस्स. आभाळ पडलं नाही. सुळका हसला नाही. तीन वर्षं तोंडात धरलेला पाण्याचा घोट माणसानं एकदाचा थुंकावा आणि त्याच्या ध्यानात यावं की अरे, आता बोलताही येतंय, श्वासही घेता येतोय, तसं अनुपचं झालं. खांदे खाली आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आता सणकून भूक लागली.

त्या कातळावर मोबाइलला दोन काड्या रेंज येई. त्यानं रेवाला फोन लावला.

“रेवा, मी रविवारी वरूनच काढणार आहे. पण मला उंचीची भयंकर भीती वाटते. आधी सांगितलं नाही.”

दोन काड्यांची एक झाली.

“डायरेक्टर,” रेवा म्हणाली, “हे तू मला रविवारी वर लटकल्यावर सांगितलं असतंस, तर मी तुला तिथंच ठेवून आले असते.”

“माहीत आहे.”

“आज सांगितलंस, बरं केलंस. तुला दोन दोर लावू. आणि शेजारी एक जुना गडी बसवू, तुझ्यावरच लक्ष ठेवायला. चालेल?”

“पळेल.”

“आणि ऐक, चढताना माझं तोंड फार भेसूर होतं रे. ते काढू नकोस.”

“तेवढंच काढणार आहे,” अनुप म्हणाला, आणि रेंज गेली.

केरूबानं कॅमेऱ्याकडं बोट केलं. “दाव की. माहं ध्यान तर बघू दे.”

दोघं डोक्याला डोकं लावून बसले. पडद्यावर केरूबाचं तोंड वर येत होतं. नाकावरचा थेंब, दाताखालचा ओठ, सगळं स्पष्ट. फक्त सगळंच हलत होतं. कातळ हलत होता, टक्कल हलत होतं, हनुवटी तर दुहेरी हलत होती.

अनुप ओशाळला. “बाबा, चित्र फार हललंय. माझाच हात थरथरत होता.”

“दिसतंय.”

“पण महागातल्या कॅमेऱ्यांत त्यावर सोय निघालीय. एक बटण असतं. ते चालू केलं की हात कितीही थरथरू दे, चित्र ढिम्म हलत नाही.” त्यानं कॅटलॉग उघडून पान केरूबासमोर धरलं. “हा बघा. हा घेऊ का?”

केरूबानं पानावरचा गुळगुळीत फोटो पाहिला. मग पडद्यावरचं आपलं लटलटणारं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“घे,” तो म्हणाला. “…आन् बटण बंद ठेव.”