चिखल ओळखणारा हरबा तांडेल

फार फार वर्षं झाली. या किनाऱ्यानं वाफेच्या बोटीचा भोंगा अजून ऐकलाही नव्हता, तेव्हा वेळखाजण गावात हरबा नावाचा एक खारवी होता. त्याला बाप नव्हता. आई खाडीत मुळे-तिसऱ्या काढायची आणि हरबा लहानपणापासून तिच्या मागोमाग गुडघाभर चिखलात. बरोबरीचे पोरगे होड्या वल्हवायला शिकले तेव्हा हा शिंपल्या वेचत होता. म्हणून सगळे त्याला चिखल्याच म्हणायचे.

पुढे तो मचव्यावर खलाशी झाला. एका साली गावचा म्हातारा तांडेल तापानं पडला आणि सुकाणू हरबाच्या हातात आलं. पहिलीच खेप. पलीकडच्या बंदरातून तुळसाला आणायचं होतं. तुळसा गावची लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या सोबतीला बायजाआत्या आणि वल्ह्यांवर तीन खलाशी. त्यांतला दादूआजा सगळ्यांत जुना.

"सुकाणू आहे ते, कालवं फोडायची कोयती नाही," दादूआजानं निघतानाच ऐकवलं.

जाताना सगळं नीट झालं. येताना, गाव कोसभर राहिलं असेल, आणि सकाळचं धुकं उतरलं. असं म्हणतात, ते इतकं दाट होतं की डोलकाठीवर बसलेला बगळा उडायचं विसरला. वारा पडला, शीड लुळं झालं. आणि नेमक्या त्याच वेळी तुळसाला कळा सुरू झाल्या.

बायजाआत्यानं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि आत्याचा चेहरा उतरला.

"पोर आडवं आहे रे हरबा. हे माझ्या हातचं काम नाही. शेवंता सुईणीपाशी पोचव, नाहीतर दोन्ही जीव जातील."

"नांगर टाक," दादूआजा म्हणाला. "पुढं दातेरीचा खडक आहे. धुकं उठेपर्यंत हलायचं नाही. नवख्याच्या नादानं सगळ्यांनी बुडायचं की काय?"

खडकाचं भय खरं होतं आणि तुळसाचं कण्हणंही खरं होतं. इतक्यात गावच्या देवळातली घंटा ऐकू आली. हरबानं घंटेच्या रोखानं वल्ही मारायला सांगितली. तिथंच तो चुकला. धुक्यात आवाज भलतीकडून येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाण्याची खोली बघायला दोरीला शिशाचं वजन बांधून सोडतात, त्याच्या बुडाला मेण लावलेलं असतं. हरबानं ते वजन सोडून वर ओढलं तेव्हा मेणाला कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे चिकटले होते. कालवं खडकालाच धरतात, म्हणजे खाली खडक.

"मी चुकलो," हरबा म्हणाला. "मागं घ्या."

कुठल्या तांडेलानं असं कबूल केलेलं त्या खलाशांनी जन्मात ऐकलं नव्हतं. वल्ही उलटी फिरली. खडकाचा काळा सुळका मचव्यापासून वीतभर अंतरावर राहिला.

मग हरबानं सुकाणू दादूआजाकडे दिलं आणि तो स्वतः मचव्याच्या तोंडाशी जाऊन बसला. वजन सोडायचं, वर ओढायचं, मेणाला लागलेला गाळ बोटांनी चोळायचा, हुंगायचा. पांढरी वाळू आली. "अजून बाहेर आहोत, चला." तांबूस गाळ आला. "ही शेजारची खाडी, डावीकडं घ्या."

"देवाला विचारायचं सोडून चिखलाला विचारतोस?" एका खलाशानं टोमणा मारला.

"चिखल मला लहानपणापासून ओळखतो," हरबा म्हणाला. "तू वल्हं मार."

असं म्हणतात, मेणावरचा चिखल त्याच्या कानाशी बोलत होता. असं म्हणतात, बोय मासे दोन्ही अंगांनी रांग धरून मचव्याला वाट दाखवत होते. शेवटी काळा, लोण्यासारखा गाळ वर आला. त्याला खाडीकाठच्या चिपीच्या झाडांच्या कुजलेल्या पानांचा वास होता. आईच्या लुगड्याला यायचा, तोच.

"हे आपलं गाव," हरबा म्हणाला. समोर धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

दादूआजानं विचारलं, "मचवा कुठं लावू, तांडेल?"

खलाशांच्या हाका ऐकून शेवंता सुईण कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली आणि मचव्यावर चढली. शिडाचा आडोसा केला. तिनं बाळ फिरवलं, तुळसाला धीर दिला, आणि तुळसा सुटली. असं म्हणतात, बाळाच्या पहिल्या रडण्यानं धुकं उभं फाटलं आणि वेळखाजणच्या सगळ्या माडांवर एकदम ऊन पडलं.

बायजाआत्यानं बाळ आधी तुळसाच्या आईकडे नेलं नाही, हरबापुढे धरलं.

"हात चिखलाचे आहेत, आत्या."

"असू देत. त्याच हातांनी आणलंस ना? धर."

पुढे हरबानं किती खेपा केल्या, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. तो कसा म्हातारा झाला, कधी गेला, तेही कुणाला सांगता येत नाही. पण वेळखाजणात आजही बाळ सव्वा महिन्याचं झालं की आई त्याला बंदरावर नेते, गावातला सगळ्यांत नवा तांडेल कोण ते विचारते, आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवते. जुन्याजाणत्याच्या नाही, नव्याच्याच. एवढासा जीव कुठून धरावा ते त्याला कळत नाही. बायका हसतात, म्हणतात, "नीट धर रे, हरबाच्या गावचा ना तू?"

आणि तो नीट धरतो.