मंजूर झालेलं मौन

सांगलीच्या फिल्म क्लबचे अध्यक्ष अच्युतराव पोंक्षे. सिनेमा दीड तासाचा असला, तर त्यावरचं त्यांचं भाषण दोन तासांचं. वर पुढच्या महिन्यात कोणता सिनेमा दाखवायचा, हेही तेच ठरवणार.

त्या रविवारी कुठल्याशा युरोपीय देशातला सिनेमा झाला. त्यात कुणी अवाक्षर बोललं नाही आणि पडद्यावर बहुतेक वेळ एक भिंतच होती. दिवे लागताच मंडळी डोळे चोळत दाराकडे निघाली.

"बसा!" अच्युतराव गरजले. "भिंतीच्या त्या मौनात सगळं सांगितलंय! ज्याला मौन कळत नाही, त्यानं या क्लबात येऊच नये."

हेमलताबाई मगदूम उभ्या राहिल्या. एक साधासा इराणी सिनेमा दाखवा म्हणून त्या वर्षभर मागे लागल्या होत्या आणि 'तो तर कुणालाही कळतो, त्यात कला कसली?' म्हणून अध्यक्ष त्यांना उडवून लावत होते. आज बाई काहीच बोलल्या नाहीत. हॉलच्या भिंतीकडे टक लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

"अहो, बोला की!" अच्युतराव वैतागले.

"बोलले की. मौनातून प्रस्ताव मांडला. तुम्हाला कळला नाही?"

दाराकडे निघालेले लोक परत येऊन बसले. अच्युतरावांनी कपाळ पुसलं. "कळला ना! न कळायला काय झालं? उत्तम प्रस्ताव आहे."

"मग मंजूर?"

"मंजूर!"

बाई लोकांकडे वळल्या. "ऐकलंत ना? पुढच्या महिन्यात इराणी सिनेमा. आणि त्यानंतरचं अध्यक्षांचं भाषण आजच्या भिंतीसारखं."