सगळ्यात स्वस्त शहर

“मग सगळ्यात स्वस्त शहर कुठलं निघालं?”

रंगनाथबुवांनी हे विचारलं तेव्हा यशोधन पिंगळीकर हसला. याच प्रश्नाची तो वाट पाहत होता.

“आपलंच, बुवा. परभणी.”

“अस्सं.”

“राज्यातली अकरा शहरं घेतली. प्रत्येक शहरातली शंभर घरं. घरात येतं किती, घरातून जातं किती. भाडं, किराणा, वीज, शाळा, दवाखाना… काही सोडलं नाही. पुण्यात ज्या घराला महिन्याला एकतीस हजार लागतात, तसल्याच घराचं इथं चौदा हजारांत भागतं.”

“भागतं?”

“भागतं. आकडे समोर आहेत.”



बुवा एके काळी परभणीच्या शाळेत गणित शिकवायचे. नोकरी संपल्यावर ते ओढ्याकाठच्या एका लहानशा मठात येऊन राहिले. रोज पाच घरची माधुकरी मागायची आणि जे मिळेल ते जेवायचं, एवढाच त्यांचा संसार. यशोधन त्यांचा जुना विद्यार्थी. आता पुण्यात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. परभणीला आला की मठात डोकावल्याशिवाय जायचा नाही. या वेळी तो तक्ता दाखवायलाच आला होता.

“हे कशासाठी केलंस?” बुवांनी विचारलं.

“एक संस्था आहे. कमावता माणूस गेलेल्या घरांना दरमहा मदत देते. सगळ्या शहरांत सारखीच, पाच हजार. मी त्यांना म्हटलं, हा तर अन्याय झाला. खर्च वेगळा, तर मदत सारखी कशी? आता माझ्या तक्त्यावरून रकमा ठरतील. पुण्याला साडेसात हजार, नाशिकला साडेसहा, परभणीला सव्वातीन.”

“म्हणजे इथल्या घरांचे पावणेदोन हजार जाणार.”

“जाणार नाहीत, बुवा. जिथं गरज आहे तिथं पोचणार.”

“सही केलीस?”

“शुक्रवारी करायची आहे. म्हटलं, त्याआधी तुमचा आशीर्वाद घ्यावा.”

बुवांनी तक्ता हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. गणिताच्या मास्तरासारखी एकदा बेरीजही करून पाहिली.

“बेरीज बरोबर आहे,” ते म्हणाले.

यशोधनला बरं वाटलं.

मग बुवा उठले. खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“उद्या माझा पाय दुखणार आहे.”

“उद्या?”

“हो. तू जा माधुकरीला. पाच घरं. दारात उभं राहायचं, ‘माई, माधुकरी’ म्हणायचं. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुढं जायचं. सहावं घर नाही.”

“बुवा, मी… मला इथं लोक ओळखतात.”

“आणखी एक. काही विचारायचं नाही.”

“काहीच?”

“एक अक्षर नाही.”

…

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यशोधन झोळी खांद्याला अडकवून निघाला. खाली मान घालून चालला होता. वाटेत शाळेतला एक मित्र स्कूटरवरून गेला. त्यानं पाहिलं की नाही, या विचारातच पहिलं घर आलं.

ते एका डॉक्टरांचं. मोठं फाटक, आत मोटार. त्यानं दबक्या आवाजात हाक दिली. कामवाल्या बाईनं फाटकाच्या फटीतून दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी दिली आणि आत गेली.

दुसऱ्या घराला कुलूप होतं. तिसऱ्या घरातून शिळा भात आला. चौथ्या घरच्या म्हातारीनं आधी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “धडधाकट आहेस की रे बाबा, काही काम का करत नाहीस?” पण मूठभर शेंगदाणे दिलेच.

पाचवं घर बोळाच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, दारात शिवणयंत्र. ते घर पाहिलं आणि यशोधनचे पाय थांबले. हे घर त्याला ठाऊक होतं. परभणीतली वीसेक घरं त्यानं स्वतः फिरून केली होती. त्यातलंच हे एक, कौसल्या खिल्लारे यांचं. नवरा टेम्पो चालवायचा, दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. संस्थेच्या यादीतही हे घर होतं.

परत फिरावं, असं त्याच्या मनात आलं. पण सहावं घर नव्हतं…

“माई, माधुकरी.”

यंत्रावर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी साडीला फॉल लावत होती. तिनं आत हाक दिली. कौसल्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“बुवा कामून आले नाहीत? बरं आहे ना त्यांना?”

“पाय दुखतो त्यांचा.”

त्या आत वळल्या आणि थबकल्या.

“तुम्ही ते फॉर्मवाले सर ना?”

यशोधननं मान हलवली.

“या ना मग, आत या. उन्हात कामून उभे?”

तो आत जाऊन बसला. समोर कौसल्याबाईंचे सासरे बसले होते. त्यांच्यापुढं पितळी, पितळीत पाणी, पाण्यात कुस्करलेली भाकरी. ते बोटांनी ती आणखी मऊ करत होते. मग एक घास तोंडात घालून बराच वेळ नुसते घोळवत राहिले.

यशोधन पाहत राहिला. काही विचारायचं नव्हतं.

कौसल्याबाईंच्या ते लक्षात आलं.

“आबाचे दात गेले सगळे. कवळी बसवायची म्हणून गेलो होतो. बारा हजार सांगितले.”

त्या चुलीपुढं बसल्या.

“मग काय. भाकरी भिजते की पाण्यात.”

आबांनी मान डोलावली, जणू त्यांच्याच शहाणपणाचं कौतुक चाललं होतं.

यशोधनला फॉर्म आठवला. दवाखाना आणि औषधं: शून्य. त्यानं दोनदा विचारून खात्री केली होती. बाई खरं तेच बोलल्या होत्या.

तव्यावरून भाकरी उतरवता उतरवता त्या बोलत होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलत होत्या. कदाचित कुणी विचारत नव्हतं म्हणूनच.

“ही पूनम. बारावीला ब्याऐंशी टक्के पडले. नर्सिंगला नंबर लागला होता, संभाजीनगरला. पण होस्टेल, मेस… ती स्वतःच म्हणाली, राहू दे.”

“आई, राहू दे ना ते आता,” यंत्रावरून पूनम म्हणाली. मान वर केली नाही.

शिक्षण: शून्य. तोही आकडा यशोधनच्याच हातचा होता.

कौसल्याबाईंनी झोळीत दोन गरम भाकऱ्या घातल्या, वर मिरचीचा ठेचा.

“एक पुरे,” तो म्हणाला.

“बुवाला दोन लागतात. आम्हाला माहीत आहे.”

…

मठात परत आला तेव्हा बुवा अंगण झाडत होते. पाय ठीक दिसत होता.

यशोधननं झोळी ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

“बुवा, मी चुकलो.”

“बेरीज तर बरोबर होती.”

“जे त्यांनी घेतलंच नाही, ते मी स्वस्त म्हणून लिहिलं.”

बुवा झाडत राहिले.

“आता काय करू?”

“शुक्रवार कधी आहे?”

“परवा.”

“मग मला काय विचारतोस?”

शुक्रवारी यशोधननं सही केली नाही. संस्थेच्या कार्यवाहांना फोन करून सांगितलं की तक्त्यात चूक आहे, घरं पुन्हा पाहावी लागतील. ते चिडले. रकमा ठरवायची बैठक लागली होती. इतक्या महिन्यांचं काम, इतका पैसा, आणि आता चूक? शेवटी त्यांनी चार महिने दिले, पण पुढचा खर्च त्याचा त्यानं करायचा, असं बजावलं. विभागातले सहकारीही हसले. एकानं तोंडावर विचारलं, “भाकरी खाऊन मत बदललं म्हणे तुमचं?”

त्यानं रजा काढली. या वेळी तो फॉर्म पिशवीतच ठेवायचा. आधी अर्धा तास नुसता बसायचा. नांदेडला एका घरात तीन वर्षं कुणी गावाला गेलं नव्हतं. सोलापुरात एक माणूस औषधाची गोळी अर्धी मोडून दोन दिवस पुरवत होता. पुण्यातही निघालं. भाडं वेळेवर भरणाऱ्या एका घरात दूध फक्त सणाला येत होतं. तक्त्यात त्यानं एक नवा रकाना घातला: कशावाचून राहिले.

तो रकाना भरल्यावर शहरांमधलं अंतर बरंच आटलं. संस्थेनं बैठक घेतली, वाद झाले आणि शेवटी परभणीची रक्कम कमी होण्याऐवजी सहा हजार झाली. पूनम पुढच्या वर्षी नर्सिंगला गेली. आबांना कवळी मिळाली. पण ती हिरडीला टोचते म्हणून ते ती डब्यात ठेवतात, आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरती लावतात.

…

हे सगळं सांगायला यशोधन पुन्हा मठात आला. दुपार झाली होती. बुवांनी नुकतीच आणलेली माधुकरी दोघांत वाटून घेतली. तो पोटभर जेवला, हात धुतले, आणि पिशवीतून नवा तक्ता काढला. आता तो पुस्तकासारखा बांधलेला होता.

बुवांनी पानं उलटली.

“बेरीज?” यशोधननं हसून विचारलं.

“बरोबर आहे.”

“राज्यात असं काम कुणी केलं नव्हतं, बुवा. दिल्लीहून पत्र आलंय. आता यातून काही सुटत नाही. पैसा नाही, गरज नाही. एकही घर नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

बुवा शेवटच्या पानापर्यंत गेले. परत पहिल्या पानावर आले.

“माझं घर कितव्या ओळीत आहे?”

यशोधन गोंधळला. मग त्याला हसू आलं.

“तुमचं कसं घेणार, बुवा? एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर. अशी व्याख्याच आहे. इथं चूल कुठं आहे?”

बुवांनी तक्ता मिटला. दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

ओढ्याकडून वारा आला… दोघांच्या रिकाम्या पत्रावळी जागच्या जागी हलल्या.

“मग आत्ता तू कुणाच्या घरी जेवलास?”