ठोसरशेठच्या माळ्यावरची मशिनं

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. हवी तर शपथ घ्यायची तयारी आहे. घडली तेव्हा सांगणारा स्वतः पहिल्या रांगेत बसला होता. म्हणजे, बसला नव्हता. त्या दिवशी तो मेहुणीच्या गावी जेवायला गेला होता. पण तिथल्या वाढप्यानं सगळं सांगितलं, आणि तो वाढपी खोटं बोलत नाही. निदान हातात वरणाची बादली असताना तरी नाही.

एका गावात एक ठोसरशेठ होते. गावात कॉम्प्युटरचं दुकान एकच, ते त्यांचं. कुणी जुनं मशीन आणलं की शेठ त्याच्याकडे न बघताच म्हणत, "हे गेलं. नवं घ्या." जुनं बदल्यात ठेवून घेत आणि माळ्यावर चढवत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वतःही माळ्यावर चढत. मग ती गेलेली मशिनं एकेक करून चालू होत, रडतखडत का होईना. शेठ लोकांची पत्रं वाचत, फोटो बघत. कुणाला सांगत नसत. नुसतं बघितल्यानं कुणाचं काय झिजतं, असं ते स्वतःला समजावत.

पुढे मालनबाईंचा टायपिंगचा क्लास बंद पडला. तीस वर्षं चालवलेला. बाई रडत बसल्या नाहीत. नवं काम शिकल्या. फुकट मिळणारी, अंगानं हलकी अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम त्या पेनड्राइव्हवर घेत आणि जुन्या मशीनमध्ये घालत. सुरू व्हायला दहा मिनिटं कण्हणारं मशीन तरतरीत होई. शिवाय ही सिस्टीम मालकाची माहिती परस्पर कुणाला पाठवत नसे. एका मशीनमध्ये तर पालींच्या तीन पिढ्या नांदत होत्या. बाईंनी पालींना मानानं बाहेर काढलं, सिस्टीम घातली, आणि मग ते मशीन असं चपळ झालं की बटणाकडे बोट निघालं की ते चालू.

शेठच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला. ओव्यानं जाणारं ते दुखणं नव्हतं. पूर्वी काही अडलं की लोक म्हणायचे, "ठोसरशेठला विचारा." आता म्हणू लागले, "मालनबाईंना विचारा." एकदा तर शेठच्या बायकोनं, मंदाताईंनी, वाढता वाढता म्हटलं, "बाईंच्या हाताला गुण आहे हो." शेठनी अर्धी भाकरी ताटात टाकली.

एके दिवशी न राहवून ते बाईंच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाई मशीनच्या मालकाला शेजारी बसवून घेत. पासवर्ड टाकायची वेळ आली की आपली खुर्ची भिंतीकडे फिरवत. फोटो, पत्रं काढून ठेवायची ती मालकानंच. "झालं की सांगा," एवढं म्हणून बाई भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरत बसत.

"नाटक," शेठ मनात म्हणाले. "हाताशी आलेलं कोण बघत नाही?"

मग शाळेच्या वीस जुन्या मशिनांचा प्रश्न ग्रामसभेत आला. नवी घ्यायची तर ठोसरशेठकडून, जुनीच सुधारायची तर मालनबाईंकडून. शेठना विक्री हवी होतीच. पण भरल्या सभेत बाईंचं नाव पुकारलं जाणं, हे त्यांना मुळीच सोसवणार नव्हतं. ते उभे राहिले.

"काम होईल हो. पण बाई तुमचं सगळं वाचतील, त्याचं काय?"

"कुणाचं वाचलं मी?" मालनबाईंनी विचारलं. "एक नाव सांगा, शेठ."

मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ, हा मुद्दा गेला. नवा घ्या."

सभा हसली. शेठचा तोल सुटला. "हसा, हसा. उद्या निकम कंडक्टरांनी आपल्या बायकोवर लिहिलेल्या कविता बाईंनी चावडीवर वाचल्या म्हणजे कळेल."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. 'पुढे सरका' यापलीकडे निकमांच्या तोंडून गावानं कधी काही ऐकलं नव्हतं. ते सावकाश उभे राहिले.

"शेठ, त्या कविता मी घरातसुद्धा दाखवल्या नव्हत्या. त्या फक्त माझ्या जुन्या मशीनमध्ये होत्या. तुम्ही म्हणालात, हे गेलं. म्हणून तुमच्याकडे टाकलं."

बायकांच्या रांगेतून निकमवहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही. "त्या कविता सगळ्यांत आधी मला कळायच्या होत्या, भावजी. ते तुम्ही नेलंत."

वीसच्या वीस मशिनं मालनबाईंकडे गेली. हात वर करायला सांगावंसुद्धा लागलं नाही.

शेठ घरी आले. मंदाताईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"माझंही वाचलंत?"

शेठनी तांब्या उचलला आणि पुष्कळ वेळ पाणी पीत राहिले. मंदाताईंना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला लॅपटॉप पिशवीत घातला आणि मालनबाईंकडे नेला. त्यात काय होतं, ते गावात अजून कुणाला ठाऊक नाही. मालनबाईंनाही नाही.

आता शपथेची भाषा केलीच आहे, तर कबुलीही द्यायला हवी. पाली खऱ्या आहेत. सभेत सगळ्यांनी माना खाली घातल्या, हे मात्र पदरचं. चौघांनी माना उंच करून विचारलं होतं, "शेठ, आणखी कुणाचं काय वाचलंत?"

तात्पर्य: मत्सरानं दुसऱ्यावर आळ घेणारा माणूस बहुतेक वेळा आपलीच सवय सांगून जातो, आणि विश्वासानं हाती आलेली दुसऱ्याची वस्तू दुरुस्त करावी, वाचू नये.