उन्हासाठी शिजवलेला चीक

“महाराज, इथं ऊन पडतं तरी कधी?”

महाराज चुलीत ओलं लाकूड फुंकत होते. त्यांनी दाराबाहेर बघितलं. आभाळ होतंच कुठं? ढग थेट उंबऱ्यापाशी येऊन बसला होता.

“पडतं,” ते म्हणाले. “मागं एकदा पडलं होतं.”

विचारणाऱ्याला हसू आलं नाही.

त्याचं नाव चक्रधर. अकोल्याकडचा. तिकडचा माणूस गावात असेपर्यंत उन्हाला शिव्या घालतो, आणि गाव सोडलं रे सोडलं की त्याच उन्हाची अशी फुशारकी मारतो, जणू ते त्याच्या बापाने लावलंय! चक्रधर तरी वेगळा कसा असणार? मन जिंकायचं म्हणून तो मेघालयात आला होता, खासी डोंगरातल्या महाराजांच्या लहानशा आश्रमात. भूक जिंकली, झोप जिंकली, तसं सगळ्यांना सांगूनही झालं. पण ऊन...

चैत्र लागला आणि त्याचे हात शिवशिवू लागले. चैत्र म्हणजे वाळवण, चैत्र म्हणजे कुरडया. पठ्ठ्याने पंचांग बघितलं, बाहेर बघितलंच नाही. गहू भिजवले, वाटले, पिळले. खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवला, सोऱ्यातून कुरडया पाडल्या आणि अंगणात चादरीवर घातल्या.

कुरडयांना बुरशी आली.

पुन्हा केल्या. पुन्हा बुरशी. अहो, ती चादरसुद्धा वाळेना!

आज तिसरी खेप होती. पातेलं चुलीवर होतं आणि दाराशी त्याची बांधलेली पिशवी होती.

“आज ऊन पडलं तर राहीन,” तो म्हणाला. “नाही पडलं तर खालच्या रस्त्यावरून जीप धरतो आणि जातो गावाला. कायमचा.”

“बरं,” महाराज म्हणाले.

नुसतं बरं! थांब म्हणाले नाहीत, समजूत घातली नाही. चक्रधरला ते फार लागलं. पातेल्यात पळी फिरवता फिरवता त्याने बाहीने डोळे पुसले.

“लाज वाटते, महाराज. घरदार सोडताना डोळ्यात पाणी आलं नाही, आणि आता उन्हासाठी रडतोय. दुपारी पायाला चटके बसायचे, कुलरचं पाणी संपायचं, आई ओरडायची... तेच आठवतं. तुम्ही तर भुसावळकडचे. तुमचं कसं सुटलं हे?”

“कोण म्हणालं सुटलं?”

चक्रधरची पळी थांबली.

“म्हणजे... तुम्हाला अजून आठवतं?”

“आठवतं की. आज सकाळीच आठवलं. पळी थांबवू नकोस, गुठळ्या होतील.”

“इतक्या वर्षांनी? मग ते जात का नाही?”

“कुठं जाईल बिचारं? त्याला माझ्याशिवाय इथं कोण आहे?”

चक्रधर पातेल्याकडे वळला. पळी फिरत राहिली.

तेवढ्यात दारातून एक पिवळी तिरीप आत आली आणि जमिनीवर पडली. ऊन! खरंखुरं ऊन! चक्रधरने पातेलं उतरवलं, चादर उचलली आणि अंगणात धाव घेतली. चादरीची चार टोकं दगडांखाली दाबली. सोऱ्या घ्यायला वळला...

आणि ढग परत आला. जरा कुठं शेजारी जाऊन यावं तसा आला आणि अंगणभर बसला.

चक्रधर ओली चादर हातात घेऊन आत आला. पार हिरमुसला होता.

“झालं. निघतो मी.”

“निघ. पण आधी दोन वाट्या आण.”

“वाट्या? महाराज, सोऱ्यात भरायचं आहे ते...”

“सोऱ्या राहू दे. तुझ्या पिशवीत घरचं जवसाचं तेल आहे ना? तेही आण.”

महाराजांनी पळीने चीक वाढला. वाफा निघत होत्या. वर तेलाची धार सोडली. मग दोघं चुलीपाशी पाय जवळ घेऊन बसले. बाहेर गारठा, हातात गरम वाटी. पहिला घास तोंडात गेला आणि चक्रधरने डोळे मिटले.

“काय झालं?”

“अंगण आठवलं,” तो म्हणाला. “आई चीक शिजवायची आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन भोवती. ती बोटभर द्यायची आणि हाकलायची. म्हणायची, पळा रे, ऊन चाललं, कुरडया घालायच्यात.”

“मग पोटभर कधी मिळाला?”

चक्रधरने आठवून बघितलं.

“कधीच नाही, महाराज.” तो हसला. या डोंगरावर आल्यापासून इतकं मनापासून तो आजच हसला होता. “एवढं ऊन होतं, त्यात पोटभर चीक कोण देणार?”

खालच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. एकदा... मग पुन्हा, जरा लांबवर.

चक्रधरने दाराकडे बघितलं. पिशवी तिथंच होती. त्याने पातेल्यात डोकावलं. अर्धं भरलेलं होतं.

महाराजांनी आपली रिकामी वाटी पुढे केली.

“ऊन नाही ना इथं? मग वाढ.”