बिनफोटोचा करकोचा

“मग नाकारायची ना नोंद, नाना?”

नाना सावखेडकर तलावाच्या बांधावर बसून थर्मासचं झाकण उघडत होते. जिल्ह्यात कुणाला दुर्मीळ पक्षी दिसला, की ती नोंद खरी धरायची की नाही, हे कित्येक वर्षं नानाच ठरवत आले होते. या हिवाळ्यापासून ते काम निनाद बऱ्हाटेकडे जायचं होतं, आणि निनादला कधी एकदा ते हाती येतंय असं झालं होतं.

“कुणाची?” नानांनी विचारलं.

“कुंदा वाघुळदे म्हणून एक बाई आहेत, पतपेढीत नोकरी करतात. म्हणे याच तलावावर काळा करकोचा दिसला. फोटो नाही, सोबत कुणी नाही. मान काळी होती, चोच लाल होती, एवढंच सांगतात.”

“मग?”

“मग काय! पांढऱ्या मानेचा करकोचा पाहिला असेल. तो इथं रोजचाच. मी उत्तरही ठरवून ठेवलंय.”

“काय?”

“‘तुम्ही काळा करकोचा पाहिलेला नाही. आधी साधे पक्षी ओळखायला शिका.’”

निकाल देण्याआधी त्या जागी एकदा जाऊन बसायचं, तेही कॅमेरा गाडीत ठेवून, असा नानांचा दंडक होता. निनादला तो म्हातारपणाचा चाळा वाटे. पण आज तो मुकाट्यानं आला होता, कारण लवकरच दंडक त्याचेच चालणार होते.

नानांनी दोन कपांत चहा ओतला. वाफेनं चष्मा धुरकटला, तसा त्यांनी तो काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

तेवढ्यात बाभळींवरून तो आला. लांब पंखांचा, संथ. अगदी डोक्यावरून गेला. पोट पांढरंशुभ्र, चोच लाल, आणि मान... मान काळी होती.

निनादच्या हातातला चहा सांडला.

“नाना! वर बघा, वर!”

खिशातून मोबाइल निघेपर्यंत पक्षी टेकडीमागे गेला होता.

नानांनी चष्मा चढवला. “काय होतं?”

“काळा करकोचा! पाहिलात ना?”

“मी चष्मा पुसत होतो.”

“अहो, डोक्यावरून गेला!”

“पांढऱ्या मानेचा असेल. तो इथं रोजचाच.”

निनादचे कान तापले. “मान काळी होती, नाना. शपथेवर सांगतो.”

“फोटो?”

निनादनं मोबाइल पुन्हा खिशात टाकला.

“सोबत कुणी?”

“त्या वाघुळदेबाई!” निनाद एकदम म्हणाला. “त्यांनीही पाहिलाय ना. हाच, याच तलावावर...”

“त्या? त्यांना साधे पक्षी ओळखता येत नाहीत म्हणे.”

निनाद नानांच्या शेजारी बसला. पाण्यात टिबुकल्या बुड्या मारत होत्या.

“शाळेत होतो तेव्हापासून या पक्ष्याची वाट बघतोय,” निनाद हळूच म्हणाला. “तुम्ही तरी विश्वास ठेवा.”

“ठेवला की.”

निनादचा चेहरा खुलला. “मग नोंद घ्यायची?”

“छे. पुरावा कुठाय?”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“असं कोण म्हणालं?”

निनादला बाईंसाठी ठरवून ठेवलेलं उत्तर आठवलं.

नानांनी त्याचा सांडलेला कप उचलून पुन्हा भरला आणि त्याच्या हातात दिला.

“घे. हा पिऊन झाला, की त्या बाईंना उत्तर लिही.”